पाच तोंडं, एक साक्ष : भाभांवरची कोशनोंद आणि स्वतंत्र साधनांचा शोध

पेट झाली आहे, विषय मंजूर व्हायचा आहे आणि मार्गदर्शकांनी सांगितलंय, "आधी संदर्भ गोळा करा." या टप्प्यावर असलेल्यांसाठी आजचा लेख आहे. संदर्भ गोळा करणं म्हणजे काय, हे आपल्याला सहसा कुणी नीट सांगत नाही. मग आपण गोळाच करत जातो. वीस झाले, चाळीस झाले, की काम झाल्यासारखं वाटतं.

सध्या मी एका कोशनोंदीचा मसुदा करते आहे. विषय सापेक्षीय पुंज भौतिकी, म्हणजे रिलेटिव्हिस्टिक क्वांटम फिजिक्स, आणि त्यातही होमी भाभांचं सुरुवातीचं काम. विषय भौतिकीचा असला तरी माझा अभ्यास विज्ञानाच्या इतिहासाचा आहे, त्यामुळे माझ्यापुढचा प्रश्न गणिताचा नाही, पुराव्याचा आहे. कोशात एखादं वाक्य लिहायचं तर त्यामागे स्वतंत्र साधन हवं. पण 'स्वतंत्र' कशापासून?

आपल्या ब्रह्मपुरीकडे हे समजावणं सोपं आहे. समजा, सकाळी टपरीवर पाच जण सांगतात की गावाच्या शिवेवर वाघ आला होता. पाच जण सांगतात म्हणजे खरंच असणार, असं आपण म्हणतो. पण पाचही जणांनी ते एकाच गुराख्याकडून ऐकलं असेल तर? तोंडं पाच, साक्ष एक. गुराखी खोटं बोलतो असं नाही. तो खराच असू शकतो. पण दुसरी साक्ष मिळते ती वनरक्षकाला त्याच बांधावर ठसे दिसले की, किंवा कॅमेरा ट्रॅपमध्ये फोटो निघाला की. कॅमेऱ्याला गुराखी ठाऊक नसतो. त्याच्यापर्यंत वाघ वेगळ्या वाटेनं पोचलेला असतो.

स्वतंत्र साधन म्हणजे हेच. त्याच गोष्टीपर्यंत वेगळ्या वाटेनं पोचलेलं साधन. संख्या नंतर मोजायची, आधी वाट बघायची.

मराठी कोशात हे जास्त का महत्त्वाचं?

मराठीत कोशांची परंपरा मोठी आहे, आणि तिची एक सुरुवात आपल्या विदर्भातली आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९१६ मध्ये ज्ञानकोश मंडळ स्थापन केलं ते नागपुरात. पुढे काम पुण्याला गेलं आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड निघाले. बहुतेक सगळे १९२० च्या दशकात. डिरॅकचं समीकरण आलं १९२८ मध्ये. म्हणजे आपला विषय ज्या समीकरणापासून सुरू होतो, ते ज्ञानकोशाचं काम आटोपत आलं तेव्हा नुकतं जन्मत होतं. त्यानंतरची मोठी कामगिरी मराठी विश्वकोशाची. वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली. त्याचा पहिला खंड १९७६ चा. क्वांटमला 'पुंज' आणि स्कॅटरिंगला 'प्रकीर्णन' हे शब्द आपल्यापैकी अनेकांना तिथूनच माहीत झाले.

आता अडचण अशी की या विषयावर इंग्रजीत दहा पुस्तकं आहेत. एकात चूक झाली तर दुसरं ती दुरुस्त करतं. मराठीत मात्र बऱ्याचदा कोशातली नोंद हेच पहिलं आणि शेवटचं साधन असतं. तिथून वाक्य उचललं जातं, ते स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये जातं, विज्ञान दिनाच्या भाषणात जातं, एखाद्या प्रबंधाच्या पूर्वाभ्यासाच्या प्रकरणातही जातं. म्हणून मराठीत नोंद लिहिणाऱ्यावर जबाबदारी जास्त आहे, कमी नाही.

भाभांनी नेमकं काय केलं?

थोडक्यात सांगते. सापेक्षता सिद्धांत अतिवेगवान गोष्टींचा, पुंजयामिकी अतिसूक्ष्म गोष्टींची. अतिसूक्ष्म कण अतिवेगानं जात असेल तर दोन्ही एकत्र हवेत. पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनसाठी तसं समीकरण मांडलं. त्यातून ऋण ऊर्जेच्या अवस्था निघाल्या, आणि त्यांचा अर्थ लावताना डिरॅक यांनी एक विलक्षण चित्र दिलं. निर्वात जागा रिकामी नसून ऋण ऊर्जेच्या इलेक्ट्रॉन्सनी ठासून भरलेली आहे, आणि त्यात एखादी जागा मोकळी झाली की ती धन विद्युतभाराच्या कणासारखी वागते. १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना वैश्विक किरणांत असा कण सापडला. तोच पॉझिट्रॉन.

त्या वेळी मुंबईचा होमी भाभा हा तरुण केंब्रिजमध्ये होता. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे आधी यंत्र अभियांत्रिकी, मग गणित, आणि मग सैद्धांतिक भौतिकी. त्यांनी प्रश्न घेतला तो असा : इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर ते किती प्रमाणात कोणत्या दिशेला विखुरतील? दोन इलेक्ट्रॉन्सच्या टकरीचं सापेक्षीय गणित डेन्मार्कच्या क्रिस्टियन मोलर यांनी १९३२ मध्ये मांडलं होतं. पण इथे पेच वेगळा होता. पॉझिट्रॉन हा वेगळाच कण मानायचा, की डिरॅकच्या चित्रातली मोकळी जागा? मोकळी जागा मानली तर सगळा मामला एकाच जातीच्या इलेक्ट्रॉन्सचा होतो, आणि मग अदलाबदलीचं पद गणितात धरावंच लागतं. भाभांनी ते धरलं. आजच्या भाषेत सांगायचं तर टकरीचे दोन मार्ग आहेत : दोघं एकमेकांना ढकलून-ओढून पुढे जातात हा एक, आणि दोघं नष्ट होऊन नवी जोडी जन्माला येते हा दुसरा. दोन्ही धरले तरच उत्तर बरोबर येतं. हा निबंध रॉयल सोसायटीच्या प्रोसिडिंग्जमध्ये १९३६ मध्ये छापून आला. यालाच आज भाभा प्रकीर्णन म्हणतात.

पहिलं साधन : मूळ निबंध

मूळ निबंध हे प्राथमिक साधन. तो काय सिद्ध करतो? भाभांनी अमुक साली अमुक गणित मांडलं, एवढंच. अनेक ठिकाणी या कामाचं वर्ष १९३५ दिसतं, अनेक ठिकाणी १९३६. घाबरू नका. निबंध सोसायटीकडे पोचला १९३५ मध्ये आणि छापला गेला १९३६ मध्ये. दोन्ही वर्षं खरी आहेत, फक्त दोन वेगळ्या घटनांची आहेत. नोंदीत कोणती घटना सांगतोय ते लिहिलं की वाद मिटतो.

पण "हे काम महत्त्वाचं ठरलं" हे वाक्य मूळ निबंधाच्या जोरावर लिहिता येत नाही. कुणाचंही काम महत्त्वाचं की नाही, हे त्याच्याच निबंधावरून ठरत नाही. त्यासाठी दुसऱ्या वाटेनं आलेला माणूस हवा.

दुसरं साधन : ज्यांना भाभांशी देणंघेणं नाही

जिनिव्हाजवळ सर्न या संस्थेत १९८९ ते २००० या काळात लेप नावाचं २७ किलोमीटर परिघाचं यंत्र चाललं. त्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आदळवत. कोणत्याही मोजणीआधी तिथल्या लोकांना एक गोष्ट पक्की हवी असे : टकरी होण्याची शक्यता एकूण किती होती? ती मोजायला त्यांनी लहान कोनातलं भाभा प्रकीर्णन वापरलं. कारण त्याचं गणित फार अचूक करता येतं, आणि अशा घटना भरपूर मिळतात. बघा, दुकानदार आधी वजनमाप तपासून घेतो आणि मग माल तोलतो, तसं.

इथे भाभांची स्तुती करण्यात कुणालाच रस नव्हता. त्यांना आपलं यंत्र मोजायचं होतं. म्हणूनच भाभांचं काम टिकलं, या विधानाला लेपच्या तांत्रिक लेखांइतका भक्कम आधार गौरवग्रंथातून मिळणार नाही.

दोन गट, एक निष्कर्ष

१९३७ मध्ये आणखी छान उदाहरण मिळतं. वैश्विक किरणांतून कणांचे सडे पडल्यासारखे झोत येतात, ते का? भाभा आणि वाल्टर हायटलर यांनी इंग्लंडमध्ये त्याचं उत्तर दिलं : वेगवान इलेक्ट्रॉन प्रकाशकण सोडतो, प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होते, ती पुन्हा प्रकाशकण सोडते, अशी साखळी वाढत जाते. त्याच वर्षी अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनी तेच स्पष्टीकरण मांडलं. मध्ये अटलांटिक महासागर, कामं स्वतंत्र, निष्कर्ष एक.

पण एक बारकावा सोडू नका. दोन्ही गटांनी पाया म्हणून वापरलेली सूत्रं एकच होती : बेथे आणि हायटलर यांनी १९३४ मध्ये दिलेली. म्हणजे साखळीचं गणित दोघांनी स्वतंत्रपणे केलं, पण पायाची सूत्रं चुकली असती तर दोघंही एकदमच चुकले असते. म्हणून "दोन स्वतंत्र गटांनी सिद्ध केलं" असं लिहिताना काय स्वतंत्र आणि काय सामाईक, हे वेगळं करावं लागतं. तुमच्या विषयातही हे करून बघा. दोन प्रबंधांचा निष्कर्ष एक आहे, पण दोघांनी एकाच जनगणनेचे आकडे वापरलेत का?

याउलट हे बघा. १९३८ मध्ये भाभांनी नेचरमध्ये सुचवलं की वैश्विक किरणांतला तो जड कण अस्थिर असेल, तर वेगानं जाताना त्याचं आयुष्य सापेक्षतेनुसार लांबलेलं दिसलं पाहिजे. १९४१ मध्ये ब्रूनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी कोलोरॅडोत दोन वेगवेगळ्या उंचींवर कण मोजले आणि जास्त वेगाचे कण जास्त टिकतात हे दाखवलं. इथे एका बाजूला कागदावरचा तर्क आहे, दुसऱ्या बाजूला डोंगरावरची मोजणी. ही खरी वेगळी वाट.

गोड गोष्टीचा सापळा

आता एक गोष्ट सांगते, कारण ती फार ठिकाणी सापडते. या जड कणाला आधी 'मेसोट्रॉन' म्हणत. पुढे 'मेसॉन' झालं. का? तर म्हणे युकावांनी 'मेसोट्रॉन' नाव ठेवलं, आणि हायझेनबर्ग यांनी, काहींच्या मते त्यांच्या ग्रीक शिकवणाऱ्या वडिलांनीच, दाखवून दिलं की ग्रीक 'मेसोस' या शब्दात 'ट्र' नाहीच!

गोष्ट गोड आहे. लक्षात राहते. लोकप्रिय पुस्तकांतून ती एकमेकांच्या हाती फिरत राहिली. पण तारखा मांडून बघा. युकावांनी कणाची कल्पना मांडली १९३५ मध्ये, आणि त्यांनी 'मेसोट्रॉन' म्हटलेलं नव्हतं. ते नाव अँडरसन आणि नेडरमायर यांनी १९३८ मध्ये सुचवलं. हायझेनबर्ग यांचे वडील आउगुस्ट, म्युनिकमधले ग्रीकचे प्राध्यापक, वारले १९३० मध्ये. कणाची कल्पनाच निघण्याआधी पाच वर्षं! वडिलांनी दुरुस्ती केली हे शक्यच नाही. याउलट १९३९ मध्ये नेचरमधल्या छोट्या लेखात भाभांनी हाच मुद्दा छापील स्वरूपात मांडलेला आहे : 'ट्र' अनावश्यक आहे, 'मेसॉन' म्हणावं.

म्हणून नोंदीत "मेसॉन हे नाव भाभांनी दिलं" असंही बेधडक लिहायचं नाही. "१९३९ मध्ये भाभांनी 'मेसोट्रॉन'ऐवजी 'मेसॉन' वापरावं असं छापील सुचवलं" हे लिहायचं. पहिल्या वाक्यात पुराव्यापेक्षा जास्त बोललं जातं. दुसरं पुराव्याएवढंच बोलतं.

पाच शिफारशी

"भाभांची नोबेलसाठी पाच वेळा शिफारस झाली" हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. ते खरं आहे. नोबेल समितीचे कागद पन्नास वर्षांनी खुले होतात आणि शिफारशींची यादी घरबसल्या मोफत बघता येते. त्यात वर्षं आहेत १९५१ आणि १९५३ ते १९५६. पण शिफारस करणाऱ्याचं नावही बघा : पाचही वेळा एकच, फ्रेंच गणिती जाक आदामार.

आपल्याकडे धानाच्या रोवणीत जसं होतं ना, पाच बांध्या हिरव्या दिसतात, पण पऱ्हे एकाच वाफ्यातले असतात. एका मोठ्या गणितज्ञाला भाभांचं काम पाच वर्षं सातत्यानं नोबेलच्या तोडीचं वाटलं, ही काही लहान बाब नाही. पण "जगभरच्या शास्त्रज्ञांनी पाच वेळा शिफारस केली" असं जर कुणी लिहिलं, तर ते त्या यादीतून निघत नाही. आकडा तोच, अर्थ बदलला.

बखर आणि इंग्रजांचा वकील

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. भाभांवर लिहिलेलं बरंच साहित्य त्यांच्याच संस्थांच्या किंवा सहकाऱ्यांच्या हातचं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांनी १९४५ मध्ये उभी केली. त्यांचे निबंध एकत्र छापले ते याच संस्थेनं, १९८५ मध्ये, श्रीकांतन, वीरेंद्र सिंग आणि उदगावकर यांच्या संपादनाखाली. भा. मा. उदगावकर म्हणजे मराठी विज्ञान परिषदेचं अध्यक्षपद भूषवलेले आपले भौतिकशास्त्रज्ञ. रॉयल सोसायटीसाठी १९६७ मध्ये भाभांचं चरित्रलेखन केलं लॉर्ड पेनी यांनी, तेही अणुक्षेत्रातले त्यांचे समकालीन. ही साधनं टाकून द्यायची का?

मुळीच नाही. मराठी इतिहासात हा प्रश्न आपण आधीच सोडवलेला आहे. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. म्हणजे मुलानं वडिलांचं चरित्र लिहवून घेतलं. ती म्हणून कुणी फेकत नाही. पण १६७४ च्या राज्याभिषेकाबद्दल लिहिताना इतिहासकार इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याची नोंदही बघतो. तो रायगडावर व्यापाराच्या सवलतींसाठी आला होता. त्याला महाराजांचा गौरव करायचा नव्हता, आपल्या कंपनीला हिशेब द्यायचा होता. बखर आणि वकील जिथे जुळतात तिथे आपण ठामपणे लिहितो. जिथे फक्त बखर बोलते तिथे "सभासद सांगतो" असं लिहितो. राजवाड्यांनी १८९८ पासून मूळ कागदांचे खंड छापायला घेतले ते याच आग्रहापोटी.

तोच नियम इथे लावा. तारखा, पदं, निबंधांची यादी : संस्थेचं साधन चालेल. "ते महान होते", "त्यांच्यामुळेच हे घडलं" : इथे बाहेरचा माणूस हवा. सुदैवानं तो आहे. पीटर गॅलिसन आणि डेव्हिड कॅसिडी यांनी १९८० च्या दशकात वैश्विक किरण आणि पुंज विद्युतगतिकीचा इतिहास लिहिला, तो भाभांचा नव्हे तर एका शास्त्रीय पेचाचा. शावियर रोके यांनी १९९२ मध्ये मोलरच्या गणिताचा इतिहास लिहिला. संस्थेबद्दल इंदिरा चौधरींचं २०१६ चं पुस्तक आहे. चौधरींनी संस्थेच्या अभिलेखागारात काम केलेलं आहे, म्हणजे जवळून पाहिलेलं. तरी पद्धत इतिहासकाराची, कागद तपासून बोलण्याची. म्हणून स्वतंत्र आणि परावलंबी असे दोनच कप्पे करू नका. प्रत्येक साधन कुठल्या विधानासाठी स्वतंत्र आहे, हे विचारा.

वहीत काय करायचं?

माझी पद्धत साधी आहे. नोंदीतलं एकेक वाक्य वहीत डाव्या पानावर लिहायचं. उजव्या पानावर त्याचं साधन, आणि साधनाला चार प्रश्न : हे कुणी लिहिलं? कुणाच्या सांगण्यावरून? त्याला हे कुठून कळलं? आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक साधनं एकमेकांत विलीन होतात. दहाची तीन होतात. वाईट वाटून घेऊ नका, ती तीन पक्की असतात.

हे सगळं मोठ्या शहरातच जमतं असंही नाही. नोबेलची यादी, मराठी विश्वकोश, शोधगंगेवरचे प्रबंध हे मोबाईलवरही उघडतात. जुन्या निबंधाचं पहिलं पान आणि तारीख बहुधा मोफत दिसते, आणि बऱ्याचदा वाद तारखेवरच मिटतो. पूर्ण लेख हवा असेल तर ग्रंथपालांना विचारा, मार्गदर्शकांना विचारा, लेखकाला थेट ईमेल करा. इतिहासकार मंडळी आपल्या लेखाची प्रत मागितली की सहसा खूश होतात.

माझ्या मसुद्यातलं एक वाक्य सध्या असं आहे : "भाभांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेलं इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन प्रकीर्णनाचं गणित पुढे कणत्वरकांत टकरींच्या मोजमापासाठी प्रमाण म्हणून वापरलं गेलं." यात 'महान' नाही, 'थोर' नाही, 'भारतमातेचे सुपुत्र' नाही. पण यातला प्रत्येक शब्द दोन वेगळ्या वाटांनी तपासता येतो. भाभांना याहून मोठा मान मला तरी सुचत नाही.

तुमच्या विषयातलं सगळ्यात प्रसिद्ध वाक्य घ्या आणि आज रात्री त्याला ते चार प्रश्न विचारून बघा.